तोरणाखालची वात्रट वाणी

झडत्यांचे छापील संग्रह चाळताना मला नेहमी प्रश्न पडतो, की ही झडत्या म्हणणारी माणसे एवढी सोज्वळ केव्हा झाली? पानोपानी बळिराजाचे गुणगान, बैलाचे उपकार, पार्वतीला नमन. सारे गोड आहे, खरेही आहे. पण आमच्या आंजीच्या पोळ्यात जे कानांवर पडत आले, त्यातले निम्मे या पानांवर नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. श्रावणी अमावास्येला आखरावर आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या ओळीने उभ्या राहतात, आणि पोळा फुटण्यापूर्वी कोणीतरी पुढे होऊन चार-सहा यमकांच्या ओळी खड्या आवाजात फेकतो. तीच झडती. शेवटी महादेवाचा गजर. एकाची संपते न संपते तोच दुसरा उत्तर देतो. त्यांत सावकार येतो, पाटील येतो, जावई येतो. आणि पुष्कळदा असे शब्द येतात, की ते इथे छापायला दिले तर संपादक माझ्याशी बोलणे टाकतील.

मम्मटाने काव्यदोष सांगताना ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ यांना वेगवेगळी नावे दिली. अश्लीलाचे तर लज्जा, किळस आणि अमंगळ यांवरून तीन प्रकार केले. आमच्या संग्राहकांनी हा विवेक सोडला. गावरान शब्द दिसला की ओळ खोडली! सेवाग्राम आणि पवनार आमच्याच तालुक्यात. त्यांचा धाक लेखणीला बसला असेल. तोरणाखालच्या जिभेला तो बसलेला मी पाहिला नाही. 1972 साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हा झडतीत ग्रेडर आला, रखडलेला चुकारा आला. ग्रेडरच्या नजरेला झडतीकार जी उपमा देई ती चारचौघांत सांगण्याजोगी नव्हे. पण ती काढली, की मागे उरतो तो नुसता तहसिलीतला अर्ज.

धुऊन घेण्याचा हाच प्रकार रशियात फार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथे चास्तुश्का नावाची चार ओळींची यमकी गाणी आहेत, आपल्या झडतीची मावसबहीणच म्हणा. सरकारी लोकगीत-वृंद त्यांतली स्वच्छ तेवढी रंगमंचावर गात. उरलेली लग्नघरात, गुत्त्यात राहिली. शहरांत त्यांच्या जोडीला चोरांची, कैद्यांची गाणी होती. लेनिनग्राडचा अर्कादी सेवेर्नी (1939–1980) हा त्या गाण्यांचा गाजलेला गायक. हयातीत त्याची एकही सरकारी तबकडी निघाली नाही. घरगुती बैठकीत टेप लावायचा, आणि मग रिळावरून रिळ उतरवत ते गाणे देशभर जायचे. मधूनच तो ओदेसाचे किस्से असे रंगवून सांगतो, की गडी तिथलाच वाटावा. जन्म मात्र इवानोवोचा! विसोत्स्की कवी म्हणून त्याच्याहून कितीतरी मोठा, हे मला मान्य आहे. तरी सेवेर्नीच्या घोगऱ्या आवाजात गुत्त्याची जी ऊब आहे, ती मला अधिक जवळची वाटते.

म्हणून शिवराळ ते सारे अस्सल, असे मात्र मी म्हणणार नाही. आरतीचे ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडे पाहून टाकलेल्या, विधवेवर किंवा कुणाच्या जातीवर घसरणाऱ्या झडत्याही मी ऐकल्या आहेत. त्यांत गावरानपणा नाही, भेकडपणा आहे. सावकारापुढे जीभ अडखळते, ती दुबळ्यावर सैल सुटते. संग्राहकाने कात्री चालवायचीच होती, तर इथे चालवायची. गंमत अशी, की अशा काही ओळी, त्यांत एकही ‘वाईट’ शब्द नाही म्हणून, संग्रहांत सुखरूप पोचल्या आहेत.

अलीकडे झडत्यांच्या स्पर्धा होतात. परीक्षक असतात, बक्षिसे असतात, आणि झडतीत स्वच्छतेचा संदेश असतो. तो ऐकून बैलही कंटाळत असावेत. त्यातून प्रत्येकाच्या हाती मोबाइल. सेवेर्नीला ध्वनिमुद्रणाने वाचवले. आमच्या झडतीकाराची तीच अडचण झाली आहे. पूर्वी ओळ हवेत फेकली की गजरात विरून जाई. कोण म्हणाले, ते उद्या कोणी सिद्ध करू शकत नसे. आता तो तोंड उघडण्यापूर्वी समोरचे वर झालेले हात मोजतो, आणि बळिराजाचे गुणगान सुरू करतो.