मोनेंचे धुके

क्लोद मोने यांनी १८९९ ते १९०१ या काळात लंडनमध्ये आरंभिलेली थेम्सची चित्रे १९०४ मध्ये पॅरिसला प्रदर्शित झाली. ती लंडनमध्ये मांडण्याची त्यांची इच्छा मात्र हयातीत अपुरीच राहिली. २०२४ मध्ये तेथील कोर्टोल्ड गॅलरीने या मालिकेतील २१ चित्रे एकत्र आणली. पार्लमेंटच्या चित्रांपुढे प्रेक्षक प्रथम हरखतो. इमारत जांभळी सावली होऊन विरते, नारिंगी सूर्य पाण्यात थरथरतो. मग ध्यानात येते, की या धुक्यात कोळशाचा धूर मिसळलेला आहे. ज्या हवेत लंडनचे कष्टकरी खोकत होते, तिच्यावरच हा चित्रकार लुब्ध होता! त्यामुळे प्रेक्षकाचा आनंद खोटा ठरत नाही, पण निरागसही राहत नाही. मोनेंनी काही लपविले असे म्हणता येणार नाही. वॉटर्लू पुलामागे धुराडी स्पष्ट उभी आहेत; त्यांचा धूर कोठे संपतो आणि आकाश कोठे सुरू होते, हे मात्र सांगता येत नाही.