अमेरिकन यादवी युद्धाचा प्रारंभ आणि सैन्यभरतीचे साहित्य : एक चिकित्सा

युद्धाचे साहित्य आणि युद्धारंभाचे साहित्य यांत समीक्षेने क्वचितच भेद केला आहे. रणांगण, मृत्यू, जखमी सैनिक, पराभवाची जाणीव हे युद्धसाहित्याचे परिचित विषय होत. त्याआधीचे काही आठवडे मात्र बहुधा प्रस्तावनेदाखल उरकले जातात. त्या आठवड्यांत अद्याप कोणी मेलेले नसते, गणवेश नवे असतात आणि गावोगाव नावनोंदणीसाठी गर्दी झालेली असते. वस्तुतः हे युद्ध कशासाठी, हा प्रश्न त्याच काळात विचारला जातो किंवा विचारायचा राहून जातो. १८६१ मधील अमेरिकन यादवी युद्धाच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात वॉल्ट व्हिटमन, हर्मन मेलव्हिल आणि मेरी चेस्नट या तिघांनी त्या वर्षीच्या सैन्यभरतीचे जे चित्रण केले, त्याची या दृष्टीने तपासणी केली आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आला आणि २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाले. फेब्रुवारी १८६१ पर्यंत दक्षिणेतील सात राज्यांनी आपला वेगळा महासंघ स्थापन केला होता. या महासंघाने ६ मार्चलाच, म्हणजे पहिली तोफ डागली जाण्यापूर्वी पाच आठवडे, बारा महिन्यांसाठी एक लाख स्वयंसेवक उभारण्याचा कायदा संमत केला. १२ एप्रिलच्या पहाटे चार्ल्स्टन बंदरातील फोर्ट समटरवर तोफांचा भडिमार सुरू झाला. त्या भडिमारात एकही सैनिक मारला गेला नाही. १५ एप्रिलला लिंकनने ७५,००० नागरी सैनिकांना तीन महिन्यांसाठी पाचारण केले आणि त्या आवाहनानंतर आणखी चार राज्ये महासंघाला जाऊन मिळाली. मुदत तीन महिन्यांचीच का, याचे उत्तर १७९५ च्या कायद्यात आहे. त्याहून अधिक काळ राज्यांच्या नागरी सैन्याला सेवेत ठेवण्याचा अधिकार तो कायदा देत नव्हता. कायद्याची ही मर्यादा लोकांनी युद्धाचीच मर्यादा मानली.

लिंकनच्या त्या घोषणेत गुलामगिरीचा उल्लेख नाही. उलट कोणाच्याही मालमत्तेला धक्का लागू दिला जाणार नाही, असे आश्वासन तीत आहे. दक्षिणेत मालमत्ता या शब्दात माणसेही मोडत होती, हे तेव्हा कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. याउलट महासंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्चला सॅव्हाना येथील भाषणात गुलामगिरी ही नव्या राज्याची कोनशिला असल्याचे निःसंकोच सांगितले होते. म्हणजे बंड करणारी बाजू कारण उघड बोलत होती आणि ते मोडून काढणारी बाजू त्याविषयी मौन पाळत होती. केंटकी, मिसुरी, मेरीलँड यांसारखी गुलामगिरी असलेली राज्ये हातची जाऊ नयेत, ही लिंकनची अडचण समजण्यासारखी आहे. कवींना अशी कोणतीही अडचण नव्हती.

व्हिटमनची नगाऱ्यांना उद्देशून लिहिलेली प्रसिद्ध कविता ‘बीट! बीट! ड्रम्स!’ या संदर्भात प्रथम पाहावी लागते. तिच्या तीनही कडव्यांत नगारे व बिगुल यांचा ध्वनी खिडक्या-दारांतून घुसतो. प्रार्थनेची सभा उधळतो, शाळेतील अभ्यास मोडतो, नवऱ्या मुलाला आणि शेतकऱ्याला स्वस्थ बसू देत नाही, वृद्धाचे म्हणणे, मुलाचा आवाज व आईची विनवणी बुडवून टाकतो. ही कविता युद्धारंभीच्या भाबड्या उत्साहाचे उदाहरण म्हणून शिकविली जाते. तिची तारीख मात्र वेगळे सांगते. ती सप्टेंबर १८६१ मध्ये छापली गेली. तत्पूर्वी, २१ जुलैला, बुल रनच्या पहिल्या लढाईत उत्तरेचे सैन्य उधळले गेले होते आणि तीन महिन्यांच्या युद्धाची कल्पना निकालात निघाली होती. म्हणजे हा पहिला उत्साह नव्हे. ओसरलेला उत्साह पुन्हा चेतविण्याचा तो प्रयत्न आहे. कवितेतील ध्वनी इतका कर्कश का, याचाही उलगडा त्यातून होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या कवितेत शत्रू नाही, ध्वज नाही, संघराज्य नाही आणि गुलामही नाही. तीमधून १८६१ हे वर्ष काढून घेतले, तर ती कोणत्याही देशाच्या कोणत्याही युद्धाला लागू पडेल. हे तिच्या लोकप्रियतेचे कारण असेल. तिच्या मर्यादेचेही तेच कारण आहे. भरतीची यंत्रणा माणसांना कसे ओढून नेते, हे ती अचूक दाखविते. कोठे ओढून नेते, याची तिला विचारपूस नाही.

‘ड्रम-टॅप्स’ या १८६५ च्या संग्रहाच्या प्रारंभीच न्यूयॉर्कमधील भरतीचे वर्णन करणारी दुसरी एक कविता आहे. कारागीर हत्यारे टाकून येतो, वकील कचेरी सोडतो, न्यायाधीश न्यायालय सोडतो, गाडीवान रस्त्यातच लगाम टाकून खाली उडी मारतो. या कवितेतही आई आहे. मुलाचा निरोप घेताना तिचे मन तयार नाही. परंतु त्याला अडविण्यासाठी ती शब्दही उच्चारीत नाही. या दोन आया शेजारी ठेवून पाहिल्या, तर व्हिटमनच्या मनातील पेच स्पष्ट होतो. आई खरोखर मूक असती, तर तिची विनवणी बुडविण्यासाठी नगाऱ्यांची गरज पडली नसती. एका कवितेत शहराच्या शिस्तीचे चित्र पुरे करण्यासाठी ती गप्प आहे. दुसरीत ती बोलते आहे आणि कवी तिला गप्प करतो आहे. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग येथे जखमी झालेल्या जॉर्ज या भावाच्या शोधात निघालेला व्हिटमन पुढे वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत सैनिकांची शुश्रूषा करीत राहिला. जखमा बांधणाऱ्या वृद्धाच्या कवितेत पुढील आवृत्तीत त्याने काही ओळी घातल्या. युद्धाची हाक देण्याचे काम आपल्या हातून निभले नाही, अशी कबुली त्यांत आहे. प्रांजळ कबुली म्हणून तिचे मोल मोठे आहे. तरीही हाक कशासाठी दिली होती, या प्रश्नाला ती हात घालीत नाही.

मेलव्हिलचा १८६६ चा ‘बॅटल-पीसेस’ हा संग्रह युद्ध संपल्यावर प्रसिद्ध झाला. त्यातील व्हर्जिनियाकडे निघालेल्या तरुणांवरील कवितेच्या शीर्षकातच शेवट सांगून टाकला आहे. रानमेवा खुडायला निघाल्यासारखी ही पोरे दाट झाडीतून चालली आहेत, आणि वाचकाला त्यांचे पुढचे तीन दिवस ठाऊक आहेत. वास्तवही याहून वेगळे नव्हते. बुल रनची लढाई पाहण्यासाठी वॉशिंग्टनहून प्रतिष्ठित मंडळी शिदोऱ्या घेऊन गेली होती, आणि त्याच सकाळी पेनसिल्व्हेनियाची एक पलटण तीन महिन्यांची मुदत संपली म्हणून परत फिरली होती. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे मिळून आठशेहून अधिक सैनिक मारले गेले. मेलव्हिलचा उपरोध भेदक आहे. परंतु तो उपरोध तरुणांच्या अज्ञानावर आहे, आणि ते अज्ञान केवळ मृत्यूविषयीचे आहे.

मेरी चेस्नटची रोजनिशी या दोघांच्या शेजारी ठेवली की चित्र बदलते. ती साउथ कॅरोलिनाच्या एका बड्या जमीनदार घराण्यातील स्त्री. फोर्ट समटरच्या अधिकाऱ्याकडे शरणागतीचा निर्वाणीचा खलिता घेऊन जाणाऱ्यांत तिचा पती होता. भडिमाराच्या पहाटे ती चार्ल्स्टनमध्ये होती आणि घराच्या छतावरून तिने तोफांचा उजेड पाहिला. तिच्या ग्रंथाचा पुरावा म्हणून वापर करताना एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मूळ टिपणांचा १८८० नंतरच्या दशकात तिने विस्तार केला. तो ग्रंथ तिच्या निधनानंतर, १९०५ मध्ये, प्रथम छापला गेला. सी. व्हॅन वुडवर्ड यांच्या १९८१ च्या संपादनाने हे पुनर्लेखन साक्षेपाने पुढे आणले. तेव्हा रोजनिशीच्या रूपातील हा ग्रंथ अंशतः आठवणींचा आहे.

त्यात एप्रिल १८६१ च्या नोंदीत एक परिच्छेद आहे. बंदरात रात्रंदिवस तोफा गरजत आहेत आणि घरातील गुलाम नोकरांच्या चेहऱ्यावर त्याची खूणही उमटत नाही. पतीचा सेवक लॉरेन्स दाराशी नेहमीसारखाच शांत बसलेला आहे. ही माणसे मंद आहेत, की आपल्याहून शहाणी आहेत आणि योग्य वेळेची वाट पाहत आहेत, असा प्रश्न मालकिणीला पडतो. हा विचार तिच्या मनात नेमका त्याच दिवशी आला, असे या मजकुरावरून सिद्ध होत नाही. वीस वर्षांनी ग्रंथाची जुळणी करताना तो तिथे असावा असे तिला वाटले, एवढे निश्चित. व्हिटमनच्या नगाऱ्यांनी जो आवाज बुडविला तो आईचा. येथे न बोलणाराच ऐकू येऊ लागतो.

आणि त्या मौनाचे उत्तर महिनाभरातच मिळाले. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी व जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्री होडीतून व्हर्जिनियातील फोर्ट मनरो येथे उत्तरेच्या सैन्याकडे आले. महासंघाच्या तोफांसाठी मोर्चे बांधण्याच्या कामावर त्यांना जुंपले होते. जनरल बेंजामिन बटलर याने त्यांना परत देण्याचे नाकारले, तेही शत्रूची जप्त मालमत्ता या सबबीवर. त्यांच्यामागून शेकडो आले. सरकारने मात्र एप्रिलमध्येच, वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी ३०० मुक्त कृष्णवर्णीयांची तुकडी देऊ करणाऱ्या जेकब डॉडसनला नकार कळविला होता. सरकार एकाच हाताने लढत आहे, अशी टीका फ्रेडरिक डग्लसने त्याच वर्षी केली. पुढे सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सेनेत लढले. १८६१ च्या भरतीची गाणी रचणाऱ्यांना त्यांची चाहूल लागलेली नव्हती.

मराठीत आपण या युद्धाला ‘यादवी’ म्हणतो. हा शब्द मौसलपर्वातून आला आहे. प्रभासक्षेत्री एकाच कुळातील माणसांनी लव्हाळी उपटून एकमेकांना मारावे, तसा हा भाऊबंदांचा संहार. मेलव्हिलच्या कवितांना आणि त्याने संग्रहाला जोडलेल्या समेटाच्या आवाहनाला हा शब्द तंतोतंत शोभतो. परंतु दोन भावांच्या भांडणात तिसऱ्याला जागा नसते, आणि ज्याच्यावरून भांडण आहे त्याला तर नसतेच. तो शब्द टाकून द्यावा, असे नव्हे. तो कोणाला दिसेनासे करतो, हे समीक्षकाने ध्यानात ठेवावे.

याच युद्धाने मुंबईच्या कापूस बाजारात सोन्याचा पाऊस पाडला आणि १८६५ मध्ये तो आटला, हे सर्वपरिचित आहे. त्याच प्रांतात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल, अर्पण केला. १८६१ च्या घोषणेत, नगाऱ्यांच्या कवितेत व व्हर्जिनियाच्या झाडीत जे कारण सापडत नाही, ते फुले यांनी दूरवरून एका अर्पणपत्रिकेत युद्धाच्या मध्यभागी ठेवले. त्यांची कृतज्ञता प्रामुख्याने मुक्ती देणाऱ्यांकडे वळलेली आहे. फोर्ट मनरोच्या दिशेने होडी वल्हविणारे ते तिघे त्या ‘लोकां’त येतात किंवा नाही, हे त्या मजकुरावरून ठरविता येत नाही.