धर्मप्रचारक आणि विनोद : 'द बेस्ट टू इयर्स' व 'स्मृतिचित्रे' यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अधिवेशन १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद येथे भरले. २०२३ पासून या शहराचे व जिल्ह्याचे नाव धाराशिव असे झाले आहे. संमेलनाध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुबोध बायबल'चे कर्ते व निष्ठावंत मराठी लेखक हा त्यांचा लौकिक असतानाही, ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणावरून काहींनी त्यांच्या निवडीस विरोध केला. फादर २०२४ मध्ये निवर्तले. मात्र त्या विरोधातून पुढे आलेला एक प्रश्न अभ्यासकांपुढे अजूनही उभा आहे. धर्मप्रचारकाकडे आपण संशयाने पाहतो किंवा आदराने पाहतो. त्याच्याकडे माणूस म्हणून पाहण्याची तिसरी दृष्टी आपल्या वाङ्मयात आहे काय? ही दृष्टी देण्याचे सामर्थ्य विनोदात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या दृष्टीने एक अमेरिकन चित्रपट व एक मराठी आत्मचरित्र यांचा येथे एकत्रित विचार केला आहे.

'द बेस्ट टू इयर्स' : घरगुती हसू

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या मॉर्मन पंथात तरुणांनी दोन वर्षे प्रचारकार्यास वाहून घेण्याची प्रथा आहे. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि सदैव सोबत असणारा एक जोडीदार, ही या प्रचारकांची ओळख होय. त्यांना वेतन नसते; खर्च स्वतः वा कुटुंबाने सोसावयाचा असतो. या पंथाचे प्रचारक १८५० च्या दशकात मुंबई व पुणे येथेही येऊन गेले होते. परंतु त्यांच्या कार्याने येथे मूळ धरले नाही.

स्कॉट अँडरसन यांनी स्वतःच्याच नाटकावरून दिग्दर्शित केलेला 'द बेस्ट टू इयर्स' हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. नेदरलँड्समधील हार्लेम शहरात एका घरात राहणारे चार तरुण प्रचारक हा त्याचा विषय. रॉजर्स हा उत्साह गमावलेला प्रचारक आहे. त्याच्या प्रेयसीने त्याच्याच पूर्वीच्या जोडीदाराशी लग्न केले आहे. त्याच्या सोबतीस येतो कॅल्हून हा नवखा तरुण. त्याचा उत्साह अमाप, पण डच भाषा दिव्य! मोडक्यातोडक्या भाषेत तो रस्त्यावरील माणसांना गाठतो, लोक पाठ फिरवितात, आणि तरीही तो खचत नाही. यातून निर्माण होणारा विनोद निर्मळ आहे. त्यात अश्लीलता नाही, कोणाची विटंबना नाही; आबालवृद्धांनी एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट आहे. प्रचारकही आळसावतो, रुसतो, घरच्या पत्राची वाट पाहतो, हे तो प्रेमाने दाखवितो. हे त्याचे खरे यश होय.

तथापि या विनोदाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. प्रचारकांचा संदेश अखेर मनापासून ऐकतो तो काइल, आणि तो डच नसून अमेरिकन आहे! ज्यांच्या देशात हे तरुण गेले, त्या डच माणसांच्या वाट्याला चित्रपटात मुख्यतः दार लावून घेण्याचे काम आले आहे. प्रचारकास परका असलेला श्रोता त्याच्याविषयी काय विचार करतो, हे आपल्याला कळतच नाही. रॉजर्सची श्रद्धा परत येते. पण त्या श्रद्धेला प्रश्न कोणी विचारलेला नसतो. आपल्याच घरात, आपल्याच माणसांनी, आपल्याच माणसांसाठी केलेली ही थट्टा आहे. ती गोड आहे, कारण तिच्यासाठी कोणाला काही गमवावे लागलेले नाही.

'स्मृतिचित्रे' : किंमत मोजलेले हसू

मराठीत धर्मप्रचारकाकडे हसऱ्या दृष्टीने पाहणारी श्रेष्ठ कृती शंभर वर्षांपूर्वीच्या एका संसारातून आली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंचा संसार त्या दिवशी मोडला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी पतीपासून दूर, अपमान व मनस्ताप सोशीत काढली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी प्रारंभी सोवळे व वेगळी चूल कायम होती. १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. विजया मेहता यांनी सुहास जोशी यांना लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत घेऊन त्यावर चित्रपटही केला.

या ग्रंथातील टिळक कवी आहेत, कीर्तन-अभंगांच्या देशी वाटेने ख्रिस्त सांगणारे प्रचारक आहेत, आणि संसारात अत्यंत अव्यवहारी आहेत. न सांगता घराबाहेर पडणारा, घरखर्चाचे पैसे भलतीकडेच खर्च करून येणारा, हातचे दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा हा प्रचारक लक्ष्मीबाई वाचकापुढे हसत हसत उभा करतात. येथे हसणारी व्यक्ती ही प्रचारामुळे सर्वाधिक दुखावलेली व्यक्ती आहे. तिला तक्रार करण्याचा पूर्ण अधिकार होता. तो न वापरता तिने विनोद निवडला. आणि हा विनोद एकतर्फी नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकावर त्या जशा हसतात, तशाच स्वतःच्या विटाळाच्या कल्पनांवरही हसतात. सोडलेला धर्म आणि स्वीकारलेला प्रचारक पती, दोघांनाही त्यांनी एकाच तराजूत तोलले. त्यामुळे त्यांच्या टिळकांना मान देताना हिंदू वाचकास संकोच वाटत नाही, आणि त्यांना हसताना ख्रिस्ती वाचकही दुखावत नाही.

विनोदाची कसोटी

दोन्ही कृतींतील भेद स्पष्ट करण्यास याच जिल्ह्यातील तेरची गोरोबाकाकांची आख्यायिका उपयुक्त ठरते. जमलेल्या संतांची डोकी गोरोबांनी थापटण्याने तपासली आणि नामदेवांस कच्चे मडके ठरविले. प्रसंग हसण्याजोगा आहे. पण नामदेव आधी रागावले, मग अंतर्मुख झाले आणि गुरूच्या शोधात निघाले. संतपरंपरेने आपल्याच थोर भक्ताचे हे हसे झाकले नाही, पिढ्यानपिढ्या कीर्तनातून सांगितले. थापटणे बसल्यावर मडके बदलते काय, हीच धार्मिक विनोदाची कसोटी मानावी. 'द बेस्ट टू इयर्स' थापटणे हळुवार फिरविते, मडके मात्र भाजलेलेच आहे असे गृहीत धरते. 'स्मृतिचित्रे'त थापटणे खरोखर बसते. टिळकांना बसते आणि लक्ष्मीबाईंनाही बसते.

समारोप

यावरून हलक्याफुलक्या चित्रपटास कमी लेखण्याचे कारण नाही. प्रचारक हाही कोणाचा तरी घरापासून दूर गेलेला मुलगा आहे, एवढे प्रेक्षकास पटविणे ही लहान गोष्ट नव्हे. २०२० मधील विरोधाच्या वेळी तेवढेही आपणांस जड गेले होते. परंतु परक्या श्रद्धेच्या माणसासोबत एका समाजात राहावयाचे असेल, तर केवळ घरगुती हसू पुरेसे नाही. दुखावल्यानंतरही उरणारे, स्वतःलाही न वगळणारे हसू हवे. ते मराठीत आहे, आणि आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांपर्यंत ते पोहोचविणे हे अध्यापकांचे काम होय.