मुंबईत कुणीच ओळखीचं नसेल तर

मुंबईत नोकरी लागली तेव्हा मैत्रिणींनी वर्गणी काढून मला मुंबईचं एक गाईडबुक दिलं होतं. इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत फोटो. लातूरहून निघालेल्या गाडीत रात्री झोप येईपर्यंत ते चाळत होते. सकाळी सीएसएमटीला उतरले तेव्हा या स्टेशनचं बांधकाम १८७८ साली सुरू झालं आणि २००४ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं, हे मला माहीत होतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हेही पाठ होतं. ठाण्याला जायला स्लो धरायची की फास्ट, हे मात्र माहीत नव्हतं. दोन बॅगा घेऊन मी वीस मिनिटं इंडिकेटरखाली उभी होते.

त्या पुस्तकाचा राग नाही. ते ज्याच्यासाठी लिहिलं होतं त्याच्या ते उपयोगी पडलंच असतं. पण मुखपृष्ठावर ते ‘पर्यटक आणि नवे रहिवासी’ अशा दोघांसाठी असल्याचं छापलं होतं, आणि माझी तक्रार तिथेच आहे. ही दोन माणसं एका गाडीतून उतरत असतील, पण त्यांचे प्रश्न वेगळे असतात. पर्यटकाला शहर बघायचं असतं, नव्या रहिवाशाला ते वापरायचं असतं. पर्यटक चार दिवसांनी परत जाणार, म्हणून त्याला शहराची उत्तम बाजू दाखवली तरी चालतं. राहायला आलेल्या माणसाला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार म्हणजे काय, डिपॉझिट किती महिन्यांचं मागतात, दलाली कोण देतं, रविवारी मेगाब्लॉक असला की घरी कसं पोचायचं, हे हवं असतं. माझ्या पुस्तकात हॉटेलांना वीस पानं होती. भाड्याच्या खोलीला एक चौकट होती आणि तिच्यात ‘विश्वासू एजंट गाठा’ असा सल्ला होता. विश्वासू एजंट गाठायला आधी कुणीतरी विश्वासू ओळखीचं असावं लागतं, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढे कधीतरी वाचनालयात गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ हाती लागलं. १८६३ सालचं हे पुस्तक मुंबईवरचं मराठीतलं पहिलं सविस्तर पुस्तक मानलं जातं. मुरली रंगनाथन यांनी ते इंग्रजीतही नेलं आहे. माडगांवकर मूळचे मडगावचे, लहानपणी मुंबईत आलेले, पुढे शाळामास्तर झालेले. म्हणजे तेही बाहेरूनच आलेले. मला वाटतं, पुस्तकाचा जोर यात आहे. बेटं कशी जोडली गेली इथपासून देवळं, तलाव, शाळा, छापखाने, गिरण्या, रेल्वे, नाना जातिधर्मांचे लोक अशी ते शहराची मोजदाद करतात. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. विहार तलावाचं पाणी शहरात येऊन तीन. आज आपण ज्याच्याकडे मान वर करूनही बघत नाही, ते सगळं त्यांच्यासाठी नवलाचं होतं. आणि त्यांना ते नवल मराठी वाचता येणाऱ्या कुणालाही सांगायचं होतं. आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसाच्या कानात नाही, तर छापून, चारचौघांत.

ही साधी गोष्ट वाटेल. पण मुंबईत नव्या माणसाला माहिती कशी मिळत आली ते बघा. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत गावचे कितीतरी पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक, कपडे अडकवायला एक खुंटी, झोपायची पाळी गिरणीच्या पाळीनुसार. गोव्याहून जहाजावर कामाला जाणाऱ्यांसाठी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावचे कूड होते. कोणत्या खात्यात भरती चालू आहे, मुकादमाला कसं भेटायचं, कुठली खानावळ महिनाअखेरपर्यंत थांबते, हे सगळं तिथे पहिल्या रात्रीच कळायचं. कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा ही माहिती ताजी आणि खरी. या खोल्यांनी लाखो माणसं शहरात रुजवली, त्यांचं मोल कमी करायचं कारण नाही.

पण त्या खोलीत शिरायला त्या गावचं असावं लागायचं, आणि बहुतेक वेळा पुरुषही. ज्याला गाव नाही, किंवा गावाने ज्याला कधी आपलं मानलं नाही, त्याला ते दार नव्हतं. माझ्या लेखी गाईडबुकाची कसोटी इथून सुरू होते. या शहरात ज्याचं कुणी नाही, त्याच्या हे पुस्तक किती कामाला येतं? छापील पुस्तक वाचकाला आडनाव विचारत नाही. दुसऱ्या कुठल्याही वाटाड्याकडे हा गुण नसतो.

या कसोटीवर माडगांवकरही पूर्ण उतरत नाहीत. इंग्रज सरकारच्या कारभाराचं त्यांना फार कौतुक आहे, आणि मास्तरकी मधूनमधून डोकं वर काढते. कष्टकरी माणूस पुस्तकात दिसतो, पण बराचसा दुरून, गर्दीचा भाग म्हणून. शिवाय १८६३ साली मराठी वाचता येणारे असे किती होते? तरीही शहराचं ज्ञान ओळखीच्या कोंडाळ्यातून बाहेर काढायचं हे काम त्यांनी सुरू केलं. १८८९ साली आचार्य आणि शिंगणे यांच्या ‘मुंबईचा वृत्तांत’ने ते पुढे नेलं.

जो भाग दोघांच्याही नजरेपलीकडे राहिला, तो मराठीत यायला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ यावा लागला, १९७२ साली. ढसाळही लहानपणी खेड्यातून मुंबईत आलेले. माझ्या गाईडबुकात कामाठीपुऱ्याच्या बाजूला एवढंच होतं: ‘रात्री टाळा.’ तिथे माणसं रात्री घरी येतात, हे टाळा म्हणणाऱ्याला सुचत नाही. ‘गोलपिठा’ला कुणी गाईडबुक म्हणणार नाही, पण तो वाचल्यावर त्या दोन शब्दांची लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, आता फोन आहे, गाईडबुक हवं कशाला? रस्ता फोन दाखवतो, हे खरं. लोकल किती वाजता आहे तेही सांगतो. पण मी डोंबिवलीत खोली बघायला गेले तेव्हा ॲपवर ‘तत्काळ उपलब्ध’ असलेली खोली माझ्यासाठी उपलब्ध नव्हती. एजंटने आधी विचारलं, “एकट्याच राहणार?” मग विचारलं, “मॅडम, आडनाव?” मी सांगितलं. “सोसायटीला विचारून सांगतो,” म्हणाला. त्याचा फोन आला नाही. असं पाच ठिकाणी झालं. सहावी खोली ऑफिसातल्या एकीच्या मावशीमुळे मिळाली, म्हणजे शेवटी ओळखीनेच. मुंबई सगळ्यांना सामावून घेते, हे वाक्य माझ्या गाईडबुकाच्या पहिल्याच पानावर होतं. ते वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण कुणाला किती फेऱ्या मारल्यावर सामावून घेते, ते लिहिलं नाही तर ती जाहिरात होते.

गाईडबुकवाल्यांना हे लिहायला अवघड जात असेल. शहराची बदनामी होईल, पाहुणे बिचकतील. पण राहायला येणारा माणूस बिचकून परत जात नसतो, त्याला जायला जागा नसते. त्याला आधी माहीत असलं, तर निदान पाचव्या नकाराला तो स्वतःला दोष देणार नाही. मला कुणी ते सांगितलं असतं तर माझे ते दोन महिने वेगळे गेले असते.

दुसरी अडचण मात्र खरी आहे. शहर पुस्तकासाठी थांबत नाही. माडगांवकरांनी लिहिलं तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता. दोनच वर्षांत, १८६५ साली, तो फुगा फुटला. त्याच वर्षी माडगांवकरही गेले. त्यांच्या काळच्या किल्ल्याच्या तटबंदीतलं आज फारसं काही उरलेलं नाही, ‘फोर्ट’ हे नाव तेवढं राहिलं आहे. म्हणून जुनं गाईडबुक इतिहास म्हणून वाचावं लागतं आणि नवं कुणीतरी पुन्हा लिहावं लागतं.

माझ्या गाईडबुकाच्या शेवटी ‘टिपणे’ म्हणून आठ कोरी पानं होती. सहा वर्षांत मी ती भरली. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचा विचार कधी करू नये. करारावर सही करण्याआधी पाण्याची वेळ विचारावी. कोणत्या एजंटने काय विचारलं आणि कुठल्या घरमालकीणबाईंनी काहीच विचारलं नाही. घाटकोपरची एक खानावळ, जिथे एकट्या मुलीला कोपऱ्यातलं टेबल आपणहून देतात. मागच्या जूनमध्ये परभणीहून एक मुलगी ऑफिसात रुजू झाली, तिला ते पुस्तक देऊन टाकलं. म्हटलं, छापलेलं नंतर वाच, आधी मागून उघड.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “ताई, बाकीचं बरोबर आहे. पण त्या खानावळीच्या जागी आता मोबाइलचं दुकान झालंय. मी खोडून समोरच्या गल्लीतली दुसरी लिहिली आहे. चालेल ना?”