सेवा, पात्रता आणि पालन : ‘माल्डनचे युद्ध’ ह्या काव्यातील तीन शब्द

इ. स. ९९१ मध्ये एसेक्समधील माल्डन येथे बिर्टनॉथ ह्या सरदाराचे सैन्य उत्तरेकडून आलेल्या समुद्री आक्रमकांशी लढले आणि पराभूत झाले. ह्या युद्धावरील प्राचीन इंग्रजी काव्य खंडित स्वरूपात उपलब्ध आहे. त्याचा आरंभ व शेवट लुप्त असून ३२५ ओळी शिल्लक आहेत. मूळ हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळाले. तत्पूर्वी करून ठेवलेल्या नकलेवरून टॉमस हर्न ह्याने १७२६ साली ते छापले होते, म्हणूनच ते काव्य आज वाचावयास मिळते.

ह्या काव्याच्या समीक्षेत टोल्कीन ह्यांच्या १९५३ मधील विवेचनापासून ‘ओव्हरमोद’ ह्या एका शब्दाला मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. भरती ओसरल्यावर उघडी पडणारी अरुंद वाट बिर्टनॉथने शत्रूला मोकळी करून दिली, आणि कवी त्याचे कारण ‘ओव्हरमोद’, म्हणजे अतिरिक्त मनोगर्व, असे देतो. त्यातून पुढचा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो : असा धनी आपल्या माणसांच्या प्राणार्पणास पात्र होता काय? प्रश्न महत्त्वाचा आहे. परंतु तो ज्या शब्दात विचारला जातो तो ‘डिझर्व्ह’ हा शब्द ह्या काव्याच्या काळी इंग्रजीत नव्हताच.

आधुनिक इंग्रजीतील सर्व्ह, डिझर्व्ह, प्रिझर्व्ह व ऑब्झर्व्ह हे शब्द एकाच कुळातले वाटतात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी दोन लॅटिन क्रियापदे आहेत. पहिल्या दोहोंचे मूळ ‘सेर्विरे’, म्हणजे दास होऊन राबणे. उरलेल्या दोहोंचे ‘सेर्वारे’, म्हणजे राखणे. डिझर्व्ह म्हणजे मुळात मनोभावे सेवा करणे, आणि मग त्या सेवेने काही हक्काचे करून घेणे. ह्या अर्थाने पात्रता हे सेवकाचे अर्जन ठरते. नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या द्वारा हे शब्द आले; माल्डनच्या कवीची शब्दसंपत्ती मात्र त्यापूर्वीची आहे, आणि तिची विभागणी निराळी आहे.

राखण्यासाठी कवी ‘हेआल्दन’ हे क्रियापद योजतो. ढाल हातात धरणे, नेमून दिलेली जागा न सोडणे, त्या वाटेचे रक्षण करणे, ह्या सर्वांना हा एकच शब्द आहे. काव्याच्या पूर्वार्धात तो पुनःपुन्हा येतो, आणि राखण्याची आज्ञा देणारा प्रायः बिर्टनॉथच असतो. वाट सोडून देणाराही तोच. अर्थात राखणे प्रथम सुटते ते धन्याच्या हातून.

दुसरा शब्द ‘येलॅस्तन’. त्याचा संबंध पावलाचा ठसा ह्या अर्थाच्या नामाशी आहे. मागोमाग जाणे हा त्याचा गाभा. एड्रिक नावाच्या योद्ध्याच्या वर्णनात, अवघ्या चार-पाच ओळींच्या अंतराने, हे क्रियापद दोनदा येते : एकदा धन्याला साथ देणे ह्या अर्थी, एकदा बोललेली प्रतिज्ञा पार पाडणे ह्या अर्थी. आजच्या इंग्रजीला येथे सर्व्ह व ऑब्झर्व्ह असे दोन शब्द लागले असते. कवीला ती एकच कृती वाटते. ह्याच क्रियापदाचा वंशज ‘लास्ट’ आज टिकणे ह्या अर्थी उरला आहे, हेही लक्षणीय आहे.

तिसरा शब्द ‘येएआर्नुंग’ सर्वांत बोलका आहे. आजचे ‘अर्न’ त्याच धातूचे. त्या धातूचे दूरचे नाते सुगीच्या श्रमाशी आहे. धार्मिक गद्यात ह्या नामाचा अर्थ पुण्य किंवा पात्रता असा होतो. परंतु गॉडरिक धन्याच्याच घोड्यावर बसून पळतो आणि त्याच्यामागे अनेकजण निघतात, तेव्हा कवी म्हणतो की धन्याने केलेल्या ‘येएआर्नुंगा’ त्यांना आठवल्या असत्या तर इतके लोक पळाले नसते. येथे अर्थ उपकार असा आहे. जे सेवकाने मिळवावयाचे ते नव्हे, तर जे धन्याने आधीच देऊन ठेवले आहे, ते. ह्याच गॉडरिकला त्याने अनेकदा घोडे दिले होते.

ह्या दृष्टीने पाहता मूळ प्रश्नाचे रूपच पालटते. बिर्टनॉथ निष्ठेस पात्र होता काय, हा हिशेब रणांगणावर मांडावयाचाच नाही. दिलेले दिले गेले आहे, उरते ते त्याचे स्मरण. म्हणूनच एल्फविने मद्यपानाच्या वेळी काढलेल्या उद्गारांची आठवण करून देतो, आणि धन्याजवळ मरून पडलेल्या ऑफाचे वर्तन कवी ‘थेग्न’ ह्या पदाला शोभणारे म्हणतो. बिर्टनॉथची चूक कवी झाकत नाही. परंतु त्या चुकीने ऋण फिटते असेही तो मानीत नाही. टोल्कीन ह्यांचा आक्षेप आणि योद्ध्यांचा गौरव ह्या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकत्र नांदू शकतात.

मराठी अभ्यासकाला ही विभागणी अपरिचित वाटू नये. वचनाला जागणे आणि खाल्ल्या मिठाला जागणे ह्या दोन्ही प्रयोगांत आपल्या भाषेनेही एकच क्रियापद वापरले आहे. मात्र मिठाच्या कल्पनेत आश्रिताची लीनता आहे. थेग्न हा मानाचा पदवीधारी होता, एवढा भेद भाषांतरकाराने ध्यानात ठेवावा. ‘येएआर्नुंग’ला ‘पात्रता’ हा प्रतिशब्द येथे दिल्यास शब्दकोशाचा आधार मिळेल, पण काव्याचा अर्थ हातचा जाईल.