बारीची श्वापदे

पशूंची ब्राँझशिल्पे म्हटली की दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आंत्वान-लुई बारी (१७९५-१८७५) या फ्रेंच शिल्पकारावर त्याच्या हयातीतच असा शिक्का बसला. ऑर्लेआंच्या ड्यूकच्या मेजासाठी त्याने घडविलेले शिकारीचे समूह १८३७ मध्ये पॅरिसच्या सालों प्रदर्शनाच्या परीक्षकांनी नाकारले. हे शिल्प नव्हे, सोनारकाम आहे, असा त्यांचा आक्षेप होता. बारी सोनाराचाच मुलगा. उमेदीची वर्षे त्याने सोनाराच्या पेढीवरच काढली होती. परंतु परीक्षकांनी दोष म्हणून दाखविलेली ही बारीक नजरच आम्हांस त्याचे खरे बळ वाटते.

पॅरिसच्या वनस्पती-उद्यानातील प्राणिसंग्रहालय ही त्याची शाळा. तेथील एक सिंह मरण पावला तेव्हा चित्रकार देलाक्रवाने त्याला चिठ्ठी पाठवून तातडीने बोलावून घेतले. मृत जनावराची मापे घ्यावीत, स्नायू व हाडे न्याहाळावीत आणि मग मातीला हात घालावा, अशी बारीची रीत होती. १८३१ मध्ये गंगेतील सुसरीला फाडणारा त्याचा वाघ गाजला. १८३३ मधील सर्प चिरडणाऱ्या सिंहात तर लोकांना राजकीय रूपकही दिसले. हे दोन्ही समूह थोर खरेच. तथापि त्यांत झुंजीचा देखावा किंचित अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

आमची पसंती आहे ती १८५० च्या सुमारास प्रदर्शित झालेल्या, ससा खाणाऱ्या जग्वाराला. येथे झुंज उरलेलीच नाही. ससा केव्हाच निष्प्राण झाला आहे. जग्वाराचे लांब अंग जमिनीसरसे झुकले आहे आणि त्या साऱ्या अंगात भूक तेवढी जागी आहे. त्यात क्रौर्य शोधणारा प्रेक्षक स्वतःचेच काही त्या जनावराच्या माथी मारतो. बारीने ना त्याला खलनायक केले, ना राजा. पशूला पशूच राहू देण्याचे हे धैर्य त्या काळच्या कलेत दुर्मिळ होते.

व्यवहारात मात्र त्याला यश आले नाही. स्वतःची ब्राँझे स्वतःच विकण्याच्या खटाटोपात कर्ज वाढले आणि १८४८ मध्ये दिवाळे निघून त्याचे नमुने सावकाराच्या हाती गेले. १८५४ मध्ये निसर्गेतिहास संग्रहालयात प्राणिचित्रण शिकविण्याची सरकारी नोकरी मिळाली, ती त्याने अखेरपर्यंत केली. (घरापासून दूर बदलीवर असलेल्या आम्हां नोकरदारांना अशा नोकरीचे मोल वेगळे सांगावयास नको!) त्याच्या वर्गात काही काळ तरुण रोदँ बसत असे. त्याच सुमारास लूव्हरच्या इमारतीसाठी बारीने युद्ध, शांतता, बल व सुव्यवस्था असे चार भव्य पाषाणसमूह घडविले. आकाराने ते जग्वाराहून कितीतरी मोठे आहेत. आमचे मन मात्र तेथे रमत नाही.