लाओस: सहलीचं शेपूट नव्हे

थायलंड-व्हिएतनामच्या सहलींना लाओस बहुधा दोन दिवसांचं शेपूट म्हणून जोडलेला असतो. लुआंग प्राबांगचे विहार, क्वांग सीचा धबधबा, पहाटे भिक्षेला निघालेल्या भिक्खूंचे फोटो, की लगेच परतीचं विमान. मग घरी येऊन आपण सांगतो, "तसं काही खास नाही."

समुद्र नाही, अंगकोरसारखी भव्यता नाही, हे मान्य. शाकाहाऱ्यांचे थोडे हालही होतात, कारण आंबवलेल्या माशांचं पाणी भाजीतही पडतं. पण दोन दिवसांत जे राहून जातं, तेच पाहण्यासारखं आहे.

दक्षिणेला वाट फू आहे. डोंगरमाथ्यावरचा सुळका हेच शिवलिंग मानून ख्मेर काळात त्याच्या उतारावर शिवमंदिर बांधलं. आज तिथे बुद्धाची पूजा होते. उत्तरेला शियांग खुआंगच्या पठारावर माणसाच्या उंचीचे प्राचीन दगडी रांजण आहेत आणि त्यांच्या शेजारीच बॉम्बचे खड्डे. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने या देशावर 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतले न फुटलेले बॉम्ब आजही शेतात सापडतात, माणसं मारतात. अमेरिकेत कर भरणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे पठार एकदा पाहावं.

तेव्हा जा, पण किमान आठवडा काढून जा. भिक्खूंच्या तोंडावर फ्लॅश मारू नका. आठवडा निघत नसेल, तर यंदा नुसतं थायलंड करा.